लाखीशची शिळाचित्रे

२ राजे, अध्याय १८ व १९ आम्ही उपदेशक मंडळी आवडीने घेतो. हिज्कीयाची प्रार्थना, यरुशलेमेची सुटका, सन्हेरीबाची माघार, एवढे सांगून झाले की पुस्तक मिटतो. त्याच वृत्तांतात लाखीश नगराचे नाव ओझरते येऊन जाते. त्या नगराचे काय झाले हे तेथे सांगितलेले नाही. ते शत्रूने सांगितले, आणि तेही दगडावर.

अश्शूरचे राजे आपला इतिहास महालाच्या भिंतींवर कोरून घेत. इ. स. १८४५ पासून ऑस्टिन हेन्री लेयार्ड ह्या इंग्रज गृहस्थाने निमरूद व पुढे निनवे येथील टेकाडे खणली, तेव्हा त्या शिळा उजेडात आल्या. निमरूदच्या कित्येक वस्तू बसऱ्याहून मुंबईमार्गेच विलायतेस गेल्या. (मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातही अश्शूरी शिळा आहेत, तिकडे जाणे झाल्यास जरूर पाहाव्या.)

सन्हेरीबाने इ. स. पू. ७०१ मध्ये लाखीश घेतले व निनवेच्या महालातील एक अख्खे दालन ह्या विजयाला दिले. त्या शिळा आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. चढावावरून तट फोडणारी यंत्रे वर चालली आहेत. तटावरून पेटते पलिते पडत आहेत, म्हणून एक शिपाई लांब दांड्याच्या पळीने यंत्रावर पाणी ओततो आहे. खाली तिघांना सुळावर दिले आहे. मग वेशीतून निघालेले बंदिवान दिसतात: बैलगाडीत बोचकी, बोचक्यांवर बाया व लेकरे, आणि बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. कारागिराने हे राजाच्या गौरवासाठी कोरले. परंतु आमची नजर त्या गाडीवरून हलत नाही. यहूदातील साध्या माणसांचे एवढे जवळचे चित्र त्या काळातले दुसरे आम्हांस ठाऊक नाही.

इ. स. १८३० मध्ये निनवे येथे सापडलेल्या सहा बाजूंच्या मातीच्या स्तंभावर त्याच स्वारीचा लेख आहे. ४६ तटबंदीची नगरे घेतली, २,००,१५० माणसे बाहेर काढली, हिज्कीयाला यरुशलेमेत कोंडले, असे राजा सांगतो. यरुशलेम घेतले असे मात्र तो म्हणत नाही. हा स्तंभ आम्हीही पूर्वी शास्त्राचा पुरावा म्हणून मोठ्या आवेशाने पुढे करीत असू. आता सबुरीने घेतो. खंडणीचे सोने दोन्हीकडे तीस किक्कार आहे. रुपे मात्र शास्त्रात तीनशे, तर स्तंभावर आठशे. माणसांचा आकडाही फुगविलेला असावा, असे पुष्कळ विद्वान मानतात. राजाच्या दरबारी लेखात बढाई असणारच.

अभ्यासवर्गात २ राजे १८:१४ सावकाश वाचावे. आपण चुकलो, लादाल ते भरू, असा निरोप हिज्कीयाने पाठविला तो लाखीशलाच. शिळेवर सन्हेरीब लाखीशसमोर सिंहासनावर बसून लूट पाहतो आहे. त्याचा चेहरा कोणीतरी मुद्दाम फोडला आहे, बहुधा इ. स. पू. ६१२ मध्ये निनवे पडले तेव्हा.