गोदामातला उंदीर आणि पाळीव सापाचे भक्ष्य

पाळीव सापासाठी भक्ष्य निवडताना साप ते खातो की नाही एवढेच पाहून भागत नाही. ते भक्ष्य कोठे वाढले, काय खाऊन वाढले आणि कसे मेले, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे असते. भिवंडीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण राहनाळ, काल्हेर, पूर्णा, मानकोली या पट्ट्यातील गोदामांत आणि यंत्रमागांच्या शेडमध्ये उंदरांना तोटा नाही, आणि जे फुकट व हाताशी मिळते ते सापापुढे टाकण्याचा मोह नवख्या पालकाला आवरत नाही.

धामण, नाग, अजगर, मांडूळ यांसारखे भारतीय साप पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. म्हणून येथील विवेचन पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथन किंवा उत्तर अमेरिकेतील कॉर्न स्नेक यांसारख्या परदेशी जातींपुरते आहे. त्यांपैकी बॉल पायथन हा वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'सायटिस' कराराच्या यादीत असल्याने 2024 च्या नियमांनुसार त्याची नोंदणी बंधनकारक आहे.

गोदामात उंदरांसाठी ज्या रंगीत वड्या ठेवतात त्यांत बहुधा ब्रोमॅडिओलोनसारखे रक्त गोठू न देणारे औषध असते. त्याने उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस जिवंत राहतो, मंदावतो, भरदिवसा उघड्यावर फिरू लागतो आणि म्हणूनच सहज हाती लागतो. सहज सापडलेल्या उंदराविषयी पहिली शंका घ्यावी ती याच कारणाने. या काळात औषध त्याच्या यकृतात साठलेले असते आणि खाणाऱ्याच्या पोटात जाते. यालाच दुय्यम विषबाधा म्हणतात. झिंक फॉस्फाइडची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याचा धोका मुख्यतः उंदराच्या पोटात न पचता राहिलेल्या आमिषात असतो. पण शिकारी पक्षी आतडी बाजूला टाकू शकतो, साप मात्र भक्ष्य अखंड गिळतो. उंदराच्या लेंड्यांत वडीचा रंग उतरलेला दिसला तर निर्णय सोपा होतो. तो दिसला नाही म्हणून उंदीर निर्दोष ठरत नाही. शिवाय लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या लघवीतून पसरतात, त्यामुळे पावसाळ्यात असा उंदीर हाताळणारा माणूसही धोक्यात येतो.

विषाइतकाच दुर्लक्षित राहणारा दुसरा धोका म्हणजे जिवंत भक्ष्याचे दात. प्रस्तुत लेखकाने पाळलेल्या बॉल पायथनने कात टाकण्याच्या सुमारास अन्न सोडले असता, भूक लागली की खाईल या समजुतीने गोदामातून आणलेला एक जिवंत उंदीर रात्रभर त्याच्या पेटीत ठेवला गेला. सकाळी उंदीर कोपऱ्यात धडधाकट होता, आणि गुंडाळी करून डोके आत लपवलेल्या सापाच्या पाठीवर तीन ठिकाणी खवले कुरतडून मांस उघडे पडले होते. डोळे दुधाळ झालेला, कात टाकण्याच्या बेतात असलेला साप खात नाही आणि पुष्कळदा प्रतिकारही करत नाही, हे आधी ठाऊक असते तर ही इजा टळली असती. शिवाय प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याची शिकार बनवणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमानुसार गुन्हा आहे. तेव्हा मित्रमंडळी जमवून असा खेळ दाखवणाऱ्यांची गय करण्याचे कारण नाही.

म्हणून भक्ष्य स्वच्छ खाद्यावर पैदास केलेल्या पांढऱ्या उंदरांतूनच घ्यावे, आणि ते वेदना न होता मारलेले असावे. उंदराची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, फार तर किंचित अधिक. मोठे भक्ष्य साप पुष्कळदा उलटून टाकतो, आणि तसे झाल्यास किमान दहा दिवस काही न देता नंतर लहान भक्ष्यापासून सुरुवात करावी. गोठवलेला उंदीर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून पूर्ण वितळू द्यावा आणि मग पिशवीत घालून गरम पाण्यात सुमारे 38 अंश सेल्सिअसपर्यंत आणावा. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे थंड भक्ष्याकडे तो बहुधा ढुंकूनही पाहत नाही. मायक्रोवेव्ह वापरू नये, कारण त्यात उंदीर आतून शिजतो. कोंबडीचे सुटे तुकडे स्वस्त पडतात, परंतु हाडे आणि यकृत यांसह अखंड प्राण्यातून मिळणारे कॅल्शियम व जीवनसत्त्वे त्यांत नसतात. पाल किंवा बेडूक देण्याचे कारण या दोन जातींच्या बाबतीत उरत नाही. रानातून आणलेल्या अशा प्राण्यांबरोबर परजीवी कृमी मात्र सापाच्या आतड्यात जातात.

खाल्ल्यानंतर दोन दिवस साप हाताळू नये. निरोगी प्रौढ बॉल पायथन काही आठवडे, कधी काही महिनेही उपाशी राहू शकतो. वजन फारसे घटत नसेल तर घाबरून जिवंत उंदीर आणण्याची गरज नसते, घटत असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा. वर उल्लेखिलेल्या सापाच्या जखमा दोन कातींनंतर भरल्या, तरी पाठीवरचे खवले वाकडेच राहिले. त्यानंतर चिमट्याने पुढे केलेला कोमट, मृत उंदीर त्याने चार वेळा नाकारला आणि पाचव्या वेळी घेतला.