सहा भाषा शिकायच्यात? आधी वेळेचा हिशोब मांडा

बॅचमधल्या एका दुकानदाराने परवा मला वही दाखवली. यादी होती गुजराती, कन्नड, तमिळ, जपानी, जर्मन, स्पॅनिश. काही धंद्यासाठी, काही परीक्षेसाठी, काही निव्वळ हौस. रोजचा वेळ किती? अर्धा तास.

आता हिशोब बघा. अर्ध्या तासाचे सहा वाटे केले तर एका भाषेला रोज पाच मिनिटं, म्हणजे वर्षाला जेमतेम 30 तास. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. त्यांचा अंदाज असा की इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिश कामापुरती यायला 600 ते 750 तास वर्गात बसावं लागतं, आणि जपानीला 2200. हे आकडे मोठ्या हुद्द्याच्या कामासाठी आहेत, आपल्याला एवढं नको. पण 30 तासांत काय होणार, ते कळतं!

दुसरं म्हणजे हे आकडे इंग्रजीवाल्यांचे आहेत, आपलं गणित वेगळं. गुजराती घ्या. मराठीसारखीच तीन लिंगं, लिपीसुद्धा ओळखीची, फक्त डोक्यावरची रेघ नाही. ख, च, ज, झ, फ, ब अशी काही अक्षरं वेगळी आहेत, तेवढी आधी घोटायची. 'आ केटलानुं छे?' हे तर गिऱ्हाईकच शिकवून जाईल. जपानीतही गंमत आहे. क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय नामाच्या मागे लागतो. 'तोक्यो नि इकिमास' म्हणजे 'टोकियोला जातो', शब्दाला शब्द. वाक्यरचना आपल्याला जड जात नाही. वेळ खातात ती चित्राक्षरं, रोजच्या वापरासाठी ठरवलेलीच 2136 आहेत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एका वेळी एकच मुख्य भाषा, तिला वीस मिनिटं. उरलेली दहा मिनिटं हौसेच्या भाषेला, तीही मुख्य भाषेपेक्षा अगदी वेगळी निवडा. कन्नड आणि तेलुगू लिपी इतक्या सारख्या दिसतात की एकदम सुरू केल्या तर दोन्हींचा काला होतो. बाकीच्या भाषा गोडाऊनमध्ये ठेवा, त्यांना काही एक्स्पायरी डेट नाही. मुख्य भाषेत गिऱ्हाइकाशी दहा मिनिटं बोलता आलं की पुढची काढा.

उजळणीचं काय? एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने स्वतःवर प्रयोग करून 1885 साली दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं. यावर लाइटनर या लेखकाची पेटीची युक्ती आहे. बुटाचा रिकामा खोका घ्या, पाच कप्पे करा. कार्डाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला नवा शब्द. आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पुढचे जास्त जास्त दिवसांनी. थोडक्यात, अडलेला माल रोज नजरेसमोर! ॲपसुद्धा हेच करतात, पण हाताने लिहिलेलं जास्त टिकतं असा माझा अनुभव.

परीक्षा द्यायची असेल तर तारीख आधी बघा, भाषा मग ठरवा. जपानीची जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, सुरुवात एन-5 पासून. दिवाळीचा सीझन सांभाळून डिसेंबरची तयारी होत नाही हो, दुकानदारांनी सरळ जुलै धरावा.