कागदावर सापडलेला ग्रह

बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे पाच ग्रह नुसत्या डोळ्यांना दिसतात. त्यांचा शोध अमक्याने लावला असे म्हणता येत नाही; माणूस आकाश निरखून पाहू लागला तेव्हापासून ते त्याच्या परिचयाचे आहेत. तारे आपापसांतील जागा सोडीत नाहीत, हे पाच मात्र ताऱ्यांमधून सरकत राहतात, एवढ्या खुणेवरून ते ओळखू आले. त्यांत शनी सर्वांत दूरचा. त्याच्या पलीकडे सूर्याच्या कुटुंबात कोणी नाही, अशीच शतकानुशतके समजूत होती.

ती १७८१ साली मोडली. इंग्लंडमधील बाथ या गावी विल्यम हर्शल नावाचा एक संगीतशिक्षक राहत असे. दिवसा शिकवण्या कराव्या, प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवावा आणि रात्री स्वतः घासून तयार केलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून आकाश न्याहाळावे, असा त्याचा क्रम होता. आरशाला झिलई देताना मध्येच हात थांबवून चालत नसे. अशा वेळी त्याची बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवी. त्या वर्षी १३ मार्चच्या रात्री त्याला एक तारा टिंबासारखा न दिसता लहानशा चकतीसारखा दिसला. तो धूमकेतू असावा असे हर्शलला वाटले. पण इतर ज्योतिर्विदांनी गणित करून पाहिले, तेव्हा तो शनीच्या दुप्पट अंतरावरून सूर्याभोवती फिरणारा नवा ग्रह निघाला! त्याला युरेनस हे नाव मिळाले. मराठीत मात्र तो शोधकाच्या नावाने, हर्शल म्हणून, पुष्कळ काळ ओळखला गेला.

या ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी पुरी करण्यास ८४ वर्षे लागतात. एवढा काळ वाट कोण पाहणार? म्हणून ज्योतिर्विदांनी जुनी टिपणे चाळली. युरेनस पूर्वीही अनेकांच्या दृष्टीस पडला होता; १६९० साली फ्लॅमस्टीडने त्याची नोंद साधा तारा म्हणून केली होती. या सर्व नोंदींवरून त्याचा मार्ग बांधता यावा, अशी अपेक्षा होती. १८२१ साली बुव्हार या फ्रेंच गणितज्ञाने त्याची कोष्टके तयार केली; पण जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी यांचा मेळ काही केल्या बसेना. नव्या नोंदींवर भिस्त ठेवून केलेली कोष्टकेही थोड्याच वर्षांत चुकू लागली. १८४५ च्या सुमारास ही चूक दोन कलांपर्यंत गेली होती. एका अंशाच्या साठ कला होतात. तेव्हा दोन कला म्हणजे पूर्णचंद्राच्या बिंबाचा जेमतेम पंधरावा हिस्सा. ज्योतिषाच्या गणितात एवढीही चूक खपत नाही.

आता दोनच गोष्टी संभवत होत्या. न्यूटनने सांगितलेला गुरुत्वाकर्षणाचा नियम इतक्या दूर अंतरावर लागू पडत नसावा. नाहीतर युरेनसला कोणीतरी अदृश्य ओढीत असावे. बाहेरच्या मार्गाने मंद गतीने चालणारा एखादा ग्रह युरेनसच्या पुढे असेल तोवर तो त्याला पुढे खेचील आणि युरेनस त्याला मागे टाकून गेला की तोच त्याला मागे खेचू लागेल. युरेनसची चाल नेमकी तशीच बिघडलेली होती. पण ओढीवरून ओढणाऱ्याचा ठिकाणा काढणे हे अतिशय किचकट गणित होते.

केंब्रिजमधील जॉन अ‍ॅडम्स या तरुणाने ते १८४५ साली सोडवले आणि आपले उत्तर ग्रीनिचच्या राजज्योतिषी एअरी यांच्याकडे पोहोचवले. एअरींनी एक शंका विचारली. अ‍ॅडम्सने तिला उत्तर धाडले नाही आणि प्रकरण तेथेच थंडावले. इकडे पॅरिसमध्ये ल व्हेरिए हा गणितज्ञ, अ‍ॅडम्सच्या कामाची वार्ताही नसताना, त्याच प्रश्नाच्या मागे लागला होता. १८४६ च्या ऑगस्टअखेर त्याने त्या ग्रहाची जागा जाहीर केली. ग्रह शोधण्यास पॅरिसमध्ये कोणी उत्सुक दिसेना, तेव्हा त्याने बर्लिनच्या वेधशाळेतील गाल्ले या ज्योतिर्विदाला पत्र लिहिले.

ते पत्र २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनला पोहोचले. गाल्लेने त्याच रात्री दुर्बीण लावली. द आरे नावाचा एक विद्यार्थी त्याच्या मदतीला होता. आकाशाच्या त्या भागाचा नकाशा नुकताच छापून झाला होता आणि अद्याप बाहेरगावी गेलेला नव्हता. गाल्ले एकेका ताऱ्याची जागा सांगे, विद्यार्थी ती नकाशावर ताडून पाही. अखेर असा एक तारा आला की तो नकाशात नव्हता. ल व्हेरिएने सांगितलेल्या जागेपासून तो एक अंशही दूर नव्हता! दुसऱ्या रात्री पाहतात तो तो तारा किंचित सरकलेला. तोच आजचा नेपच्यून.

इंग्लंडमध्येही चॅलिस हे प्राध्यापक जुलैअखेरपासून हाच ग्रह शोधीत होते. ऑगस्टमध्ये त्यांनी तो दोनदा टिपलाही. पण टिपलेल्या ताऱ्यांची तुलना करण्याचे काम त्यांनी पुढे ढकलले होते. बर्लिनचा तो नकाशाही त्यांच्याजवळ नव्हता. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की गॅलिलिओने १६१२ च्या डिसेंबरात गुरूचे वेध घेताना नेपच्यून पाहिला होता आणि तारा समजून सोडून दिला होता.

नेपच्यून सूर्यापासून सुमारे ४५० कोटी किलोमीटर दूर आहे. तेथवर सूर्यप्रकाश पोहोचण्यास चार तासांहून अधिक वेळ लागतो. त्याचे एक वर्ष म्हणजे आपली सुमारे १६५ वर्षे. शोध लागल्यापासून त्याची पहिली फेरी २०११ साली पुरी झाली. त्याच्याजवळून आजवर एकच यान गेले आहे, ते व्हॉयेजर २, १९८९ साली. प्लूटोला २००६ साली बटुग्रहांत घातल्यापासून नेपच्यून हाच सर्वांत दूरचा ग्रह ठरतो.

ल व्हेरिएने पुढे सूर्याच्या अगदी जवळचा बुध हाती घेतला. त्याच्याही मार्गात थोडा फरक पडत असे. आज तो शंभर वर्षांत सुमारे ४३ विकला इतका धरतात, आणि साठ विकलांची एक कला होते. एकदा यश देणारी युक्तीच त्याने पुन्हा योजिली. बुधाच्या आत आणखी एक ग्रह असला पाहिजे, असे त्याने १८५९ साली सांगितले. त्या ग्रहाला व्हल्कन हे नावही ठरले. खग्रास सूर्यग्रहण आले की सूर्यबिंब झाकलेल्या त्या अल्प काळात दुर्बिणी व्हल्कनच्या मागे लागत. ल व्हेरिए १८७७ साली वारला, तोही २३ सप्टेंबरलाच. व्हल्कन आहे, ही त्याची खात्री शेवटपर्यंत टिकली.

१९१५ च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्याने बुधाच्या मार्गाचे गणित केले, तेव्हा कोणताही नवा ग्रह न कल्पिता त्या ४३ विकलांचा हिशेब लागला. या वेळी ग्रह नव्हताच. न्यूटनचा नियमच सूर्याच्या इतक्या जवळ किंचित अपुरा पडत होता.