स्त्रियांमधील रक्तस्रावाचे विकार : माहेरच्या माहितीचे मोल

रक्त न थांबण्याचा आजार म्हटला की आपणांस हिमोफिलिया आठवतो आणि हिमोफिलिया म्हटला की गुडघा सुजलेला, खेळण्यास मनाई असलेला मुलगा डोळ्यांपुढे येतो. त्याच घरातील आई, बहीण अथवा मावशी यांच्या रक्तस्रावाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. खारेपाटण परिसरातील आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांच्यापुढे हा विषय ठेवावा, असे आम्हांस त्यामुळेच वाटले.

हिमोफिलियात रक्त गोठविणारा आठवा किंवा नववा घटक अपुरा असतो. त्याचे जनुक क्ष गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत हा आजार पूर्णपणे प्रकट होतो. स्त्रीजवळ क्ष गुणसूत्रे दोन असल्यामुळे तिला केवळ ‘वाहक’ म्हणण्याचा प्रघात पडला. या एका शब्दाने फार नुकसान केले आहे. वाहक म्हणजे आजार पुढे पोचविणारी, स्वतः निरोगी, असा समज त्यातून रूढ झाला. वस्तुतः अनेक वाहक स्त्रियांतही हा घटक कमी असतो. २०२१ मध्ये या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी परिभाषा सुधारली असून, ज्या स्त्रीत घटकाचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून कमी आहे तिला आता हिमोफिलियाची रुग्णच मानावे, असे ठरले आहे.

दुसरा विकार स्त्री-पुरुष दोघांतही आढळतो; त्याचे नाव वॉन विलेब्रँड रोग. फिनलंडमधील डॉक्टर एरिक वॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. ऑलंड बेटांवरील एका लहान मुलीच्या तपासणीपासून त्यांच्या अभ्यासाला सुरुवात झाली. तिच्या काही बहिणी रक्तस्रावानेच दगावल्या होत्या. ही मुलगी पुढे तेराव्या वर्षी, आपल्या चौथ्या मासिक पाळीत अतिरक्तस्राव होऊन मरण पावली. डॉक्टरांनी तिच्या साऱ्या नातेवाइकांची माहिती गोळा केली म्हणूनच हा आजार हिमोफिलियाहून निराळा आहे हे उमगले.

आपल्याकडे ‘अंगावर जाते’ एवढेच सांगून बाई गप्प होते. अधिक विचारले तर उत्तर मिळते, ‘आमच्याकडे सगळ्यांचंच असं.’ आमच्या मते तपासणाऱ्याने कान टवकारावेत असे हे वाक्य आहे. आजी, आई, मावशी यांना एकच विकार असला, तर तोच त्या घरातील सर्वसाधारण प्रकार ठरतो आणि मुलीने तक्रार केली तर तिला नाजूक समजले जाते. पाळी सात दिवसांहून अधिक चालणे, तासा-दोन तासांनी कापड वा पॅड बदलावे लागणे, मोठ्या गुठळ्या पडणे, लहानपणी वारंवार घोळणा फुटणे, दाढ काढल्यावर रक्त न थांबणे, मार न लागता अंगावर काळे-निळे डाग उठणे, ही लक्षणे एकत्र दिसली तर केवळ लोहाच्या गोळ्या देऊन थांबणे योग्य नव्हे.

अडचण अशी की, सासरी घराण्याचा इतिहास विचारला तर सांगितला जातो तो नवऱ्याच्या कुळाचा. बाईचे रक्त माहेरचे. आणि माहेरच्या बायका कोणी राजापूरला, कोणी फोंडाघाटाला, कोणी लालबागच्या चाळीत. त्या एकत्र येतात गौरी-गणपतीला. ओवशाच्या निमित्ताने माहेरवाशिणी एका छपराखाली असतात तेव्हाच थोरल्या बाईने हा विषय काढावा. कोणाला किती जाते, कोणाचा गर्भ वारंवार पडला, बाळंतपणात कोण दगावली, हे त्या एका रात्रीत जितके कळेल तितके आमच्या केसपेपरवर कधी उतरणार नाही. लग्न जमण्यात अडथळा येईल या धास्तीने पुष्कळ घरांत हे झाकले जाते. ही धास्ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु झाकल्याने रक्त थांबत नाही.

रक्तस्रावाच्या नेहमीच्या चाचण्या वॉन विलेब्रँड रोगात पुष्कळदा निर्दोष येतात. त्यासाठी विशेष तपासणी लागते आणि रक्ताचा नमुना ताजा असावा लागतो. आमच्यासारख्या लहान रुग्णालयात ती सोय नाही. मुंबईत परळ येथे के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था आहे. गिरणगावात आपल्या कोकणी माणसांचे बिऱ्हाड पिढ्यान्‌पिढ्या राहिले, ते या संस्थेपासून हाकेच्या अंतरावर. जाण्या-येण्याचा खर्च आणि सोबतीला एक माणूस, इतके जुळले की तपासणी होऊ शकते. देणगीदारांनी हा खर्च नजरेआड करू नये. अशोक बहादूर वर्मा यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या हिमोफिलिया फेडरेशन (इंडिया) या संस्थेच्या मुंबई व पुणे शाखा रुग्णकुटुंबांना एकमेकांशी जोडतात. १७ एप्रिल या जागतिक हिमोफिलिया दिनाचा २०२५ चा विषय स्त्रिया व मुली हाच होता. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, वॉन विलेब्रँडचे नाव मात्र त्यात नाही.

उपचार नेहमीच महागडे असतात असे नाही. जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोटो या डॉक्टर दांपत्याने १९६२ मध्ये जगापुढे आणलेले ट्रॅनेक्सामिक ॲसिड गोळ्यांच्या रूपात सर्वत्र मिळते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. पोटदुखीसाठी ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेन घेऊ नये. त्याने रक्तस्राव वाढतो. निदान न करता ‘पिशवी काढा’ असा सल्ला कोणी दिला तर आधी रक्ताची तपासणी मागावी, कारण अशा रुग्णेसाठी शस्त्रक्रियेचा रक्तस्रावही तितकाच धोक्याचा असतो.

बाळंतपणाविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. गरोदरपणात वॉन विलेब्रँड घटक आपोआप वाढतो, त्यामुळे प्रसूती सुखरूप होऊन सारे निश्चिंत होतात. पुढे काही दिवसांतच घटक पूर्वपदावर उतरतो आणि रक्तस्राव उशिरा, सव्वा महिन्याच्या काळात, घरी सुरू होऊ शकतो. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. तेव्हा नाव नोंदवितानाच आईने किंवा मावशीने सोबत यावे व स्वतःच्या पाळीची आणि बाळंतपणाची हकीकत सांगावी. ती आम्ही बाळंतिणीच्या कागदावर लिहून घेऊ व घरी सोडताना, रक्त पुन्हा वाढल्यास वाट न पाहता परत येण्याची सूचना त्याच कागदावर देऊ.