काळ्या पाण्यावरचा न्याय : अंदमान, १८५८-५९

'अंदमान' हा शब्द उच्चारला की ताडकळसच्या वर्गातही एकच चित्र उभे राहते : सेल्युलर जेल, तिचे सात बाहू, कोलू आणि अंधाऱ्या कोठड्या. हे चित्र खोटे नाही, परंतु ते उशिराचे आहे. त्या तुरुंगाचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू झाले व १९०६ मध्ये पूर्ण झाले. त्यापूर्वीची जवळजवळ चाळीस वर्षे अंदमान हीच एक भिंती नसलेली कैद होती. समोर समुद्र, पाठीशी अरण्य, आणि मध्ये बेड्या घातलेली माणसे. त्या कैदेच्या पहिल्या चौदा महिन्यांचा पाठ आम्ही नववीच्या वर्गाला शिकवीत आलो आहोत. तो पाठ्यपुस्तकात नाही. निवासी शाळेत मात्र तो शिकवला पाहिजे असे आमचे मत आहे, आणि का, ते पुढे येईलच.

१८५७ चे बंड मोडल्यावर कंपनी सरकारपुढे प्रश्न उभा राहिला तो जिवंत उरलेल्या बंडवाल्यांचा. मे-जून १८५७ मध्ये घाईने केलेल्या कायद्यांनी खास आयुक्तांना फाशी व जन्मठेप देण्याचे अधिकार मिळाले होते आणि त्यांच्या निकालावर अपील नव्हते. ज्यांना फासावर चढवले नाही त्यांना ठेवायचे कोठे? डॉ. मोआट यांच्या समितीने बेटांची पाहणी करून जागा सुचवली. ४ मार्च १८५८ रोजी 'सेमिरॅमिस' ही आगबोट दोनशे कैदी घेऊन कलकत्त्याहून निघाली व १० मार्चला पोर्ट ब्लेअरला पोहोचली. वसाहतीचा अधीक्षक होता डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर. पेशाने तो वैद्य; अनुभव आग्र्याच्या तुरुंगाचा.

हे सारे दूर उत्तरेचे, आपल्याशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणू नये. आपला परभणी मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. १७ जुलै १८५७ रोजी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर जो हल्ला झाला, त्याचे एक पुढारी मौलवी अलाउद्दीन. त्यांनाही जन्मठेपेवर अंदमानला धाडण्यात आले आणि ते तिथेच वारले. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना एकाच दिवशी मारण्यात आले : काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. समुद्रापलीकडे जे घडले ते या न्यायाचेच शेपूट होते.

चॅथम बेटावर पाणी पुरेना म्हणून मुक्काम रॉस बेटावर हलला. कैद्यांनी झाडे तोडायची, झोपड्या उभारायच्या, जमीन साफ करायची. पळून जाण्याला भिंतीचा अडथळा नव्हताच. कैद्यांमध्ये अशी समजूत पसरली होती की अंदमानची भूमी ब्रह्मदेशाला जोडलेली आहे. दहाएक दिवस चालले की त्या राज्यात आश्रय मिळेल. नकाशा पाहिलेल्या आपल्या मुलांना याचे हसू येते. त्यांना आम्ही थांबवतो. ज्याला कोणी कधी नकाशा दाखवला नाही आणि बोटीच्या तळघरात घालून आणले, त्याने दिशा ओळखायची तरी कशी? ही माणसे तोडलेल्या ओंडक्यांचे तराफे बांधून रात्री खाडी ओलांडत, अरण्यात शिरत. उपासमारीने बेजार होऊन काही परत येत, काही पकडली जात.

परत आलेल्यांना वॉकरने फाशी दिली. त्यांनी पहारेकऱ्याचा खून केला नव्हता, लूट केली नव्हती. ते पळाले होते, इतकेच. एका दिवसात ऐंशीहून अधिक माणसे त्या बेटावर लटकवली गेली. जूनच्या मध्यापर्यंतचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडतो. आलेले कैदी ७७३. रुग्णालयात मेले ६४. पळाले आणि पुन्हा दिसले नाहीत असे १४०. आत्महत्या १. फाशी ८७. मुलांना वजाबाकी करायला सांगतो. उत्तर येते ४८१. तीन महिन्यांत तीनशेला आठ कमी माणसे नाहीशी झाली. त्यांतल्या फासावर गेलेल्यांची संख्या रुग्णालयात मेलेल्यांपेक्षा जास्त, आणि अधीक्षक तर वैद्य होता! हे उत्तर आल्यावर वर्ग काही काळ बोलत नाही.

कलकत्त्याच्या सरकारला ही गोष्ट रुचली नाही. गव्हर्नर जनरल कॅनिंग तेव्हा अलाहाबादेस होता. कलकत्त्यात कौन्सिलचा अध्यक्ष असलेल्या जे. पी. ग्रँट यांनी वॉकरच्या कृत्याबद्दल नापसंती कळवली आणि पलायनासाठी फाशी देणे थांबवण्यास सांगितले. कॅनिंगला त्याचेच देशबांधव 'दयाळू कॅनिंग' म्हणून हिणवत असत, हेही येथे नोंदवावे. त्या काळी दया ही शिवी झाली होती. परंतु ग्रँटचा हुकूम बोटीने आला, आणि बोट येईपर्यंत फास आवळून झाले होते. वॉकरवर खटला झाला नाही. तो आपल्या जागी राहिला.

या पाठातील सर्वांत अवघड माणूस आहे दूधनाथ तिवारी. बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या चौदाव्या पलटणीतील हा शिपाई. बंड व पलायन या आरोपांवर झेलम येथे त्याला जन्मठेप झाली. ६ एप्रिल १८५८ ला तो पोर्ट ब्लेअरला पोहोचला आणि २३ एप्रिलला रॉस बेटावरून पळाला. अरण्यात पळालेल्यांच्या टोळ्या एकत्र झाल्या. सुमारे दोन आठवडे ते पाण्यावाचून, अन्नावाचून भटकले, आणि मग अंदमानी लोकांच्या बाणांखाली बहुतेक जण मारले गेले. दूधनाथ जखमी झाला. त्याने हात जोडून जीवदान मागितले आणि ते त्याला मिळाले.

येथे आम्ही मुलांना थांबवून विचारतो : हे जीवदान कोणी दिले? ज्यांच्याकडे कायद्याचे पुस्तक नव्हते, न्यायाधीश नव्हता, ज्यांना सुधारलेले जग त्या काळी नरभक्षक म्हणत होते (ते नव्हते), त्यांनी. आणि कोणाला? त्यांच्या अरण्यावर कुऱ्हाड घेऊन आलेल्या परक्याला. बदल्यात काही मागितले नाही. त्यांनी त्याच्या जखमांवर उपचार केले, त्याला बरोबर हिंडवले, जे स्वतः खात ते खायला दिले, आणि पुढे लीपा नावाची मुलगी त्याला पत्नी म्हणून दिली. वर्षभर तो त्यांच्यात राहिला.

इकडे वसाहत वाढत होती, अरण्य मागे हटत होते. एप्रिल १८५९ मध्ये अंदमानी लोकांनी झाडे तोडणाऱ्या टोळ्यांवर मोठे हल्ले केले. या हल्ल्यांच्या वृत्तांतात एक नोंद आहे. आंबेडकरी अभ्यासकाने ती वाचल्यावाचून पुढे जाऊ नये. बेड्या घातलेल्या कैद्यांना मारण्याची हल्लेखोरांची इच्छा दिसली नाही; ते त्यांना खुणेने बाजूला व्हा म्हणत. त्यांचा रोख होता तो लाल फेटेवाल्या, बेड्या नसलेल्या मुकादमांवर. हे मुकादमही कैदीच होते. वॉकरने कैद्यांतूनच कैद्यांवर हुकूम चालवणारे नेमले होते, पायरीवर पायरी : वरच्याला खालच्यावर अधिकार, खालच्याला त्याच्याही खालच्यावर. श्रेणीबद्ध विषमता कशी टिकते हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली कोणीतरी आहे याचे समाधान मिळते, म्हणून जिना कोणी पाडत नाही. बंड करून आलेली माणसे बेटावर एका वर्षाच्या आत त्या जिन्यावर उभी राहिली, आणि तो जिना पहिल्या दृष्टिक्षेपात ओळखला तो अरण्यातल्या माणसांनी.

मे १८५९ च्या मध्यावर अंदमानी लोक ॲबर्डीन येथील ठाण्यावर मोठ्या संख्येने चालून येणार होते. दूधनाथ त्यांच्यातून निसटला, ठाण्यावर पोहोचला आणि त्याने खबर दिली. मागे लीपा गरोदर होती. ठाणे सावध झाले, 'शार्लट' जहाजावरून तोफा डागल्या गेल्या. धनुष्यबाण घेतलेल्या त्या लोकांनी काही काळ ठाणे ताब्यातही घेतले, पण टिकाव लागला नाही. त्यांचे किती मेले याची मोजदाद कोणी केली नाही. कैद्यांची वजाबाकी करता येते, त्यांची करता येत नाही. दूधनाथला सरकारने माफी दिली. ज्या गुन्ह्यासाठी, म्हणजे पलायनासाठी, त्याच्या सोबत्यांना फाशी झाली होती, त्याच गुन्ह्याचा हा गुन्हेगार मुक्त झाला.

त्याला गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. अनेक मुले तसे म्हणतातही. आम्ही त्यांना दुसरी बाजू मांडायला लावतो. ठाण्यात शेकडो निःशस्त्र कैदी होते, त्याच्यासारखेच दंडित. त्याने तोंड उघडले नसते तर त्यांचे काय झाले असते? मग त्याने प्राण वाचवले, की प्राण विकले? आमचे स्वतःचे मत असे की दोन्ही. पण त्याला मिळालेली माफी ही करुणा नव्हती एवढे निश्चित. ती खबरीची किंमत होती. ज्यांनी किंमत न घेता जीवदान दिले होते त्यांच्या रक्तातून ती चुकती करण्यात आली. १९०१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी लोक ६२५ उरले होते. १९६१ मध्ये १९.

न्यायाची आणि दयेची चर्चा आपल्या भूमीला नवी नाही. कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नती हे गाव एके काळी आपल्यासारखेच निजामाच्या राज्यात होते. तेथे देवीच्या मूर्तीखाली बैठक म्हणून वापरलेली एक शिळा निघाली आणि तिच्यावर सम्राट अशोकाचे लेख सापडले. त्यांत कलिंगातील धौली येथे कोरलेला तो प्रसिद्ध आदेशही आहे, ज्यात अशोक न्यायदान करणाऱ्या महामात्रांना सांगतो की सर्व माणसे माझी लेकरे आहेत. कोणी विनाकारण बंदिवासात पडू नये, कोणाचा छळ होऊ नये. न्यायाला बिघडवणारे दोष तो मोजतो : मत्सर, क्रोध, निष्ठुरता, आळस, थकवा. त्या यादीत एक दोष घाईचाही आहे. दुसऱ्या एका लेखात, देहान्ताची शिक्षा झालेल्यांना तो तीन दिवसांची मुदत देतो, नातेवाइकांना दाद मागता यावी म्हणून. रॉस बेटावर तीन दिवस मिळाले असते तर? कलकत्ता सुमारे बाराशे किलोमीटर दूर. तीन दिवसही पुरले नसते. परंतु थांबण्याची सवय असलेला अधिकारी कदाचित थांबला असता.

३ जून १९४९ रोजी घटना समितीत सर्वोच्च न्यायालयाकडील फौजदारी अपिलांची चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी सांगितले की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत पडेल. हा देश बहुतांशी अहिंसेचे तत्त्व आचरणात नसले तरी नीती म्हणून मानतो. तसे झाले नाही. मात्र आज सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही, आणि अनुच्छेद ७२ व १६१ अन्वये राष्ट्रपती व राज्यपाल यांच्याकडे दयेचा अर्ज करता येतो. एका माणसाच्या हाती आरोप, निकाल आणि दोर एकवटू नये, यासाठी ही रचना आहे.

आता हा पाठ निवासी शाळेत का, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी दसऱ्यानंतरच्या एका रात्री वसतिगृहातील चार मुले न सांगता निघून गेली. पहाटे तिघे पूर्णा स्टेशनवर सापडले. आम्ही शिक्षक सकाळच्या बैठकीत संतापलो होतो. रात्रभर जागलो होतो. विहिरी शोधून आलो होतो. तासाभरात चौघांचीही नावे कमी करण्याचे ठरले. मुलांना कोणी काही विचारले नाही. नंतर कळले की चौथ्याचे आईवडील ऊसतोडणीला निघणार होते, आणि सहा महिने ते दिसणार नाहीत म्हणून तो त्यांना भेटायला गेला होता. बाकीचे त्याला सोबत म्हणून. आम्ही त्याच्या गावी पोहोचलो तेव्हा टोळीची गाडी निघून गेली होती आणि शाळेतून काढले म्हणून तोही कोयता घेऊन टोळीबरोबर गेला होता. तो परत आला नाही. आज तो चाळिशीच्या घरात असेल. ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल की नाही, सांगता येत नाही.

त्यानंतर वसतिगृहात नियम केला तो असा. मुलाचे म्हणणे लिहून घेतल्यावाचून आणि पालकांना बोलावल्यावाचून नाव कमी होत नाही. ज्याने पकडले त्याने निकाल द्यायचा नाही. आणि निर्णय त्याच दिवशी घ्यायचा नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना या तीन दिवसांचा जाच आठवत असेल. तेव्हा ते आमच्यावर रागावत. काही अजूनही रागावतात.

यंदा नववीच्या वर्गात आम्ही दूधनाथचा खटला चालवला. एका बाकावर वॉकर, एकावर दूधनाथ, एकावर लाल फेटेवाला मुकादम, न्यायाधीश तीन. दीड तास वाद झाला, निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. तो येथे सांगत नाही, कारण पुढच्या वर्षीच्या वर्गालाही हा खटला चालवायचा आहे. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, लीपाची साक्ष कोणी घेतली?" दूधनाथचा जबाब वॉकरच्या दप्तरात तपशीलवार आहे : किती जण पळाले, किती दिवस चालले, जखमा कुठे झाल्या. लीपाचे त्यात फक्त नाव आहे. आम्ही तसे सांगितले, आणि तिने वहीत लीपासाठी एक ओळ मोकळी सोडली.