प्रायॉरिटीच्या रांगेत उभी राहताना

विलेपार्ले, मुंबई

चि. मुक्ता हिस,


दादाचा फोन आला होता. तुला विमान कंपनीचं गोल्ड कार्ड मिळालं आणि आता महिन्याआड फ्रँकफर्टची फेरी ठरलेली, हे त्यानेच सांगितलं. आनंदात होता. पण त्याच दमात म्हणाला, "आता ती म्हणे वेगळ्या रांगेतून जाणार. मला काही हे बरं वाटत नाही." तुझ्यापाशी तो हे बोलायचा नाही, म्हणून मी लिहायला बसले. या विषयावर बोलायचा आपल्या घरात कुणाला हक्क असेल तर तो मला आहे. सहारच्या विमानतळावर चेक-इन काउंटरमागे उभं राहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

आधी दादाच्या मनातलं. रांगेत मध्ये घुसणं म्हणजे चोरी, अशाच वळणात आम्ही वाढलो. रेशनचं दुकान, रॉकेल, पहाटेचं आरेच्या दुधाचं केंद्र. माल मोजका असायचा. पुढे कुणी घुसलं की मागच्या कुणाच्या तरी घरी त्या दिवशी दूध नसायचं. तुझ्या बाबांनी ते सोसलंय, म्हणून त्यांचा राग खरा आहे. पण विमानाची गोष्ट वेगळी. सीट तिकीट काढतानाच ठरलेली असते; तू बोर्डिंग पास दहा मिनिटं आधी घेतलास म्हणून मागच्याचं विमान जात नाही. (ओव्हरबुक झालेल्या उड्डाणाचा अपवाद आहे. तिथे उशिरा येणारा खरोखरच अडकू शकतो आणि कार्डवाल्याला वाचवायचा कल असतो. त्या दिवशी तुझा फायदा कुणाच्या तरी पदरात नुकसान घालतो, एवढं ध्यानात असू दे.) एरवी त्या रांगेसाठी कंपनी वेगळा काउंटर आणि वेगळं माणूस ठेवते आणि त्याचे पैसे भाड्यातून वसूल करते. हा सरळ व्यवहार आहे. त्यात अपराधी वाटून घेऊ नकोस, मान खाली घालून उभी राहू नकोस.

मात्र हा व्यवहार कुणी आणि कशासाठी सुरू केला, ते समजून घे. १९७८ साली अमेरिकेने विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवायचा कायदा केला आणि कंपन्यांची आपसांत जुंपली. १ मे १९८१ला अमेरिकन एअरलाइन्सने मैल साठवून बक्षीस देणारी योजना काढली, आणि पाठोपाठ बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला. त्यातली मेख अशी, की सतत फिरणाऱ्याचं तिकीट बहुतेकदा त्याचं ऑफिस काढतं. भाडं पाचशेने कमी केलं तर त्याला काय त्याचं? पण मैल, लाउंज, पुढची रांग हे त्याच्या स्वतःच्या पदरात पडतं. म्हणजे पैसा एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, या सांध्यावर सगळी योजना उभी आहे. तुझ्या बाबतीत तो दुसरा माणूस तू आहेस. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की पॉइंटांसाठी ऑफिसच्या पैशाने महागडं किंवा वळसा घालून जाणारं विमान कधी घेऊ नकोस. वर्षअखेरीला दर्जा टिकवायला चार पॉइंट कमी पडले की चांगली चांगली माणसं नसलेल्या मीटिंगा काढतात. कुणी विचारत नाही म्हणून ते खपतं. पण लोकांच्या पैशाला हात लावायची सवय अशीच, कुणी न विचारलेल्या जागी लागते.

आता कामाचं. तुझा गोल्ड म्हणजे स्टार अलायन्सचा गोल्ड. ही युती १९९७ साली पाच कंपन्यांनी मिळून केली; लुफ्तान्सा त्यात पहिल्यापासून होती, आपली एअर इंडिया २०१४च्या जुलैत आली. गोल्डला प्रायॉरिटी चेक-इन, आधी बोर्डिंग, बॅगेला प्रायॉरिटीचा टॅग, लाउंज आणि जादा सामान मिळतं: वजनाचा हिशेब असेल तिथे वीस किलो, नगांचा असेल तिथे एक बॅग. त्यातही भाड्याच्या अटी आधी वाचत जा, सगळ्यांत स्वस्त भाड्याचे नियम निराळे असू शकतात. सिल्व्हरला चेक-इनची ही सवलत युतीकडून मिळत नाही. तुझ्या टीममधल्या सिल्व्हरवाल्यांना हे सांगून ठेव, म्हणजे काउंटरवर हुज्जत होणार नाही.

तिकिटावर कुणाचा का नंबर असेना, विमान प्रत्यक्षात कोण उडवतंय ते पाहायचं. काउंटर त्याचा, रांग त्याची, नियम त्याचे. उडवणारी कंपनी युतीबाहेरची असेल तर तुझं कार्ड तिथे चालेलच असं नाही. मेंबर नंबर बुकिंग करतानाच घाल. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं. अक्षर इकडचं तिकडे झालं की सिस्टिम तुला ओळखत नाही, आणि मग समोरच्या मुलीला तुझ्या नावावर कितीही विश्वास असला तरी तिला काही करता येत नाही. नंबर राहिलाच तर बॅगांना टॅग लागण्याआधी सांग, नंतर नको. एकदा प्रायॉरिटीविना टॅग निघून बॅग पट्ट्यावरून आत गेली की ती परत काढायची म्हणजे दोन-तीन माणसांची धावपळ असते.

टॅगवरून आठवलं. जुने टॅग आणि बारकोडचे बारके स्टिकर घरीच काढून टाक, खाली सामान वाटणारं यंत्र त्यांनी फसतं. आणि नवा टॅग लावल्यावर बॅग सोडण्यापूर्वी त्यावरची तीन अक्षरं वाच. फ्रँकफर्टचं एफआरए, येताना मुंबईचं बीओएम. मुंबईचं नाव बदललं तरी विमानाच्या दुनियेत अजून बॉम्बेचीच अक्षरं चालतात. पावतीवरचा टॅग नंबर आणि तुझं नाव जुळतंय का तेही पाहा. हे करायला पाच सेकंद लागतात. गोल्ड असो की प्लॅटिनम, चुकीचा टॅग लागलेली बॅग चुकीच्याच गावी जाते. एकेका बॅगेचं वजनही बत्तीस किलोच्या वर नेऊ नकोस. तिथे कुठलंच कार्ड चालत नाही, कारण ती बॅग शेवटी एक लोडर हातांनी उचलणार असतो.

वेळेच्या बाबतीत कार्डाचा जोर नाही. काउंटर बंद व्हायची वेळ सगळ्यांना सारखी. देशातल्या उड्डाणाला सहसा साठ मिनिटं, बाहेरदेशी तेवढी किंवा त्याहून जास्त. आपली रांग लहान आहे म्हणून घरून उशिरा निघायचं, हा मोह बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला होतो. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर अडकलेली टॅक्सी कार्ड बघत नाही.

आता मला खरं सांगायचंय त्याकडे येते. तू प्रायॉरिटीत उभी असशील आणि पुढे एक म्हातारं जोडपं दिसेल. मुलीचं बाळंतपण करायला निघालेलं, पहिल्यांदाच विमानात बसणारं. साध्या रांगेत गर्दी झाली म्हणून सुपरवायझरने त्यांना या काउंटरला पाठवलेलं असतं. बॅग पंचवीस किलो भरते, हवी तेवीस. मग ती फरशीवर उघडली जाते. डिंकाचे लाडू, अळीव, भाजणी, मेतकूट, बाळंतकाढ्याची बाटली तीन-तीन पिशव्यांत गुंडाळलेली. आजी एकेक वस्तू हातात घेते आणि परत ठेवते. काय काढायचं ते तिला ठरवता येत नाही, कारण त्यातलं प्रत्येक तिने कुणाचं तरी नाव मनात धरून बांधलेलं असतं. आजोबांच्या हातात पासपोर्ट, व्हिसा, विम्याचा कागद, मुलीचं पत्र, सगळं एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, आणि विचारलं एक की ते देतात दुसरं. काउंटरवरची मुलगी रात्री दोन वाजता, शिफ्टच्या सहाव्या तासाला, तो कागद शोधत असते.

ती सावकाश करते असं तुला वाटेल. ती तपासत असते. प्रवाशाचे कागद अपुरे निघाले आणि पलीकडच्या देशाने त्याला परत पाठवलं, तर दंड विमान कंपनीला बसतो आणि परत आणायचा खर्चही. त्यामुळे प्रत्येक देशाचे नियम स्क्रीनवर काढून एकेक कागद ताडून पाहावा लागतो. रत्नागिरी-महाडकडचा एखादा मुलगा आखातात कामाला निघालेला असतो. त्याचा पासपोर्ट ईसीआरचा असेल तर परदेशी नोकरीची सरकारी परवानगी लागते. ती नसेल तर त्याला तिथूनच मागे फिरवायचं काम आमच्यावर यायचं. एजंटला पैसे देऊन, कर्ज काढून आलेल्या माणसाला "तुम्हाला जाता येणार नाही" म्हणणं काय असतं, ते मी तुला सांगू शकत नाही. साधी रांग मुंगीच्या पावलांनी सरकते ती यामुळे. तुझा व्हिसा दीर्घ मुदतीचा, तुझे कागद तयार, तुझी बॅग केबिनची; तू दोन मिनिटांत मोकळी होतेस त्यात रांगेचा वाटा थोडा आणि तुझ्या नशिबाचा मोठा आहे.

अशा वेळी मागून कार्ड काउंटरवर टकटक वाजवणारे मी पुष्कळ पाहिले. ती टकटक ऐकून काम लवकर होत नाही. मुलीचा हात घाईला येतो, एका बॅगेचा टॅग दुसरीला लागतो, पासपोर्ट झेरॉक्सखाली राहतो. आणि आजी लाडवांचा डबा गडबडीने बाहेर काढून "जाऊ दे, राहू दे" म्हणते. मुक्ता, तू तो आवाज कधी करू नकोस. उलट सांगता आलं तर आजींना सांग की हँडबॅगेत दोन किलो जागा आहे, ते लाडू तिकडे घाला, ते चालतात. काढ्याची बाटली मात्र खालच्याच बॅगेत राहू द्या. हे तुला कळतं, त्यांना नाही. पिशवी त्यांची त्यांनाच नेऊ दे. अनोळखी माणसाचं सामान आपल्या नावावर कधीही घ्यायचं नाही, कितीही कळवळा आला तरी.

तसंच, कुणी स्टाफ "लंडनचे कोणी राहिलेत का?" म्हणून ओरडत आला आणि तुझ्यापुढे दोघांना घातलं, तर बाजूला हो. त्यांचा काउंटर बंद होत असतो. मिटत आलेल्या उड्डाणाचा प्रवासी, तान्हं मूल घेतलेली बाई, व्हीलचेअर, यांना आम्ही कार्डाच्या आधी घ्यायचो आणि ते बरोबर होतं.

सिक्युरिटीचं माझं मत वेगळं आहे, तेही सांगून टाकते. चेक-इन हे कंपनीचं दुकान. तिथे ती हवी तशी रांग लावो. सिक्युरिटीला सीआयएसएफचे जवान असतात, म्हणजे सरकार असतं, आणि तिथे पैसेवाल्यांची वेगळी वाट केलेली मला पटत नाही. काही विमानतळांवर तुझ्या गोल्डला तीही मिळते. तू ती वापरायची की नाही ते तू ठरव. मी असते तर फ्लाइट धोक्यात नसताना वापरली नसती.

ज्युनिअर मुलांबरोबर जाताना त्यांना साध्या रांगेत सोडून एकटी पुढे जाऊ नकोस. काउंटरवर विचार, "आम्ही चौघं एकत्र आहोत, घ्याल का?" रिकामं असेल तर बहुतेकदा घेतात. नाही म्हटलं तर त्यांच्याबरोबर मागे उभी राहा. ती मुलं तुझ्याकडून काम शिकणार आहेत, हेही शिकतील.

आणि या कार्डावर संसार मांडू नकोस. १७ एप्रिल २०१९च्या रात्री जेट एअरवेज थांबली. वर्षानुवर्षं त्यांच्या प्लॅटिनमवर फिरलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी कार्ड दाखवायला काउंटरच उरला नव्हता. मैल पुढे दुसऱ्या नावाखाली वापरता आले. रांग गेली ती गेलीच. नोव्हेंबर २०२४मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हाही लोकांना नव्या योजनेत नव्याने आपली जागा शोधावी लागली. तुझी नोकरी बदलली, फिरणं कमी झालं, की तुझाही दर्जा उतरेल. तेव्हा साध्या रांगेत उभं राहताना अंग चोरावंसं वाटलं नाही, तर आत्ताची सवय चांगली होती असं समज.

एक गोष्ट मात्र कार्डाच्या जोरावर जरूर कर, आणि फारसं कुणी करत नाही म्हणून मुद्दाम सांगते. गोल्ड मेंबरचं पत्र कंपनीत वाचलं जातं. तक्रार आली की मुलीला मेमो मिळतो, कधी पगारवाढ अडते. म्हणून तक्रार फार विचार करून लिही, रात्रीच्या रागात नको. पण कुणी चांगलं काम केलं तर तिच्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाच, उड्डाणाचा नंबर आणि तारीख टीप, आणि दोन ओळी लिहून पाठव. तिने ती आजी कशी सांभाळली, ते लिही. आमच्या वेळी अशी पत्रं वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी यायची. आलेलं पत्र सुपरवायझर शिफ्टच्या आधी सगळ्यांपुढे वाचायचा, आणि बढतीच्या वेळी फाइलमधून ते बाहेर निघायचं.

दिवाळीनंतर दादा-वहिनींना तिकडे नेणार आहेस असं कळलं. तिघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढ, तुझा नंबर आधी घाल, आणि कंपनीला फोन करून सोबतच्यांना तुझ्या रांगेतून घेतात का ते विचारून ठेव. वहिनीच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांग, ऐनवेळी मिळेलच असं नाही. दादा "मी साध्या रांगेत थांबतो" म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नकोस. मी त्याच्याशी बोलते.

तारीख ठरली की कळव.

तुझी,
आत्या