ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? काय करावे, काय टाळावे

अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यात सातबारा, पीक पाहणी, अनुदान, शिष्यवृत्ती, सगळं आता फोनवर आलं आहे. ज्याला फोन जमत नाही, तो सेतूवाल्याच्या नाहीतर नात्यातल्या पोराच्या भरवशावर. बचत गट, वाचनालयं, युवक मंडळं, शेतकरी गट यांनी या कामात उतरावं, ही कळकळीची विनंती. उतरताना एवढं पाहा.

काय करावे

आधी नंबर तपासा. बँक खातं, आधार आणि सरकारी योजनांचं महाडीबीटी पोर्टल यांना कोणता मोबाइल जोडला आहे ते विचारा. पुष्कळदा अर्ज भरताना पुतण्याचा नाहीतर केंद्रचालकाचा नंबर टाकलेला असतो. पुतण्या पुण्याला कंपनीत, ओटीपी तिकडे, आणि ठिबकचा अर्ज इकडे अडलेला. आधारचा नंबर बदलायला बहुतेकदा माणसाला स्वतः केंद्रावर जावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला गाडीवर बसवून घेऊन जा. संगणक वर्गाचं नंतर बघू.

शिकवणी वावरात घ्या. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, वावरात उभं राहून फोटो काढायचा. ऐकायला सोपं आहे. पण संत्र्याच्या नव्या बागेत आंतरपीक सोयाबीन असलं की मुख्य पीक कोणतं टाकायचं आणि क्षेत्र किती, इथंच शेतकरी थांबतो. सातबाऱ्यावर सोयाबीन चढलं नाही तर हमीभावाच्या खरेदीची नोंदणी अडते. हे सभागृहातल्या पडद्यावर समजत नाही. ज्याचा फोन, त्याचंच बोट. तुम्ही शेजारी उभे राहा, फोन हातात घेऊ नका. वेळ लागेल, लागू द्या.

बायांची वेळ धरा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ३३.३ टक्के स्त्रियांनीच कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांत ५७.१ टक्के. बचत गटाच्या बैठकीला जोडून अर्धा तास घेतला तर त्या येतात. निंदणाच्या दिवसांत सकाळी बोलावलं तर कोण येईल?

अंधांना धरून चला. याच तालुक्यात गुलाबराव महाराजांचं माधान आहे. या प्रज्ञाचक्षू संताची दृष्टी तान्हेपणीच गेली. दुसऱ्यांकडून वाचून घेत, सांगून लिहवून घेत त्यांनी मोठी ग्रंथरचना केली. आज अंध माणसाला स्वतःच्या खात्यासाठी तरी दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागू नयेत. केवायसीत डोळ्यांची उघडझाप करायला सांगणाऱ्या पद्धतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. तो निकाल बँकेत दाखवा. फोनमधलं, पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक सुरू करून द्या.

वही ठेवा. तारीख, गाव, सेवा, काय अडलं: रेंज नाही, अंगठा लागला नाही, सर्व्हर बंद. किती फेऱ्या झाल्या तेही लिहा. ही वही ग्रामसभेत वाचा, तहसीलला द्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करताना ती कामी येते. लिहिलेल्या तक्रारींनी धोरण हलतं. २०१५ मध्ये इंटरनेट सर्वांना सारखं मिळावं म्हणून लोकांनी दूरसंचार नियामक ट्रायकडे लाखो ई-मेल पाठवले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेबसाइटनुसार वेगवेगळे दर लावायला मनाई केली. त्याआधी २००३ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक माहिती समाज परिषदेत, सरकारांच्या मसुद्यात आपले मुद्दे येत नाहीत म्हणून नागरी संघटनांनी स्वतःचा जाहीरनामा मांडला होता. शिरजगाव कसब्यासारख्या आपल्या गावातली वहीही याच कामातली आहे.

काय टाळावे

उद्घाटनावर थांबू नका. आपल्याच जिल्ह्यातलं मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साथीने देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी त्याच गावाच्या चित्रफिती सभेत दाखवून सरकारी दाव्यांवर प्रश्न केले. राजकारण बाजूला ठेवा. देणगीदाराला पहिल्याच दिवशी विचारा: तिसऱ्या वर्षी बॅटरी, रिचार्ज आणि दुरुस्ती कोण करणार?

प्रमाणपत्रं मोजू नका. किती जणींनी स्वतः खात्यातली शिल्लक पाहिली, ते मोजा.

कागद बंद करा म्हणू नका. मजुरीने झिजलेला अंगठा यंत्राला कळत नाही. नोव्हेंबर २०२१ च्या हिंसाचारानंतर अमरावती शहरात इंटरनेटच बंद होतं. अशा वेळी खिडकीवर माणूस आणि अर्ज दोन्ही लागतात.

पिन, ओटीपी, आधारच्या झेरॉक्स स्वतःजवळ ठेवू नका. विश्वासातला कार्यकर्ता असला तरीही नाही. फसवणूक झाली तर बैठक बोलावत बसू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.